मांडणीवरचा संसार : इंग्रजी अमदानीतील ‘जनरल स्टोअर्स’

घासलेट आणि साबण, काडेपेटी आणि शाई, कपबशी आणि सुई-दोरा यांचा परस्परांशी वरवर पाहता काही संबंध नाही. या साऱ्या वस्तू एका छपराखाली आणल्या त्या इंग्रजी अमदानीतील ‘जनरल स्टोअर्स’ने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील शहरांत, लष्करी छावण्यांच्या गावांत आणि पुढे तालुक्याच्या पेठांत ही दुकाने उभी राहिली. मराठी संसाराच्या इतिहासात या दुकानांचे महत्त्व मोठे आहे. घरातील वस्तू कोणी तयार केली, हे ज्या काळापर्यंत प्रत्येक गृहिणीला ठाऊक असे, तो काळ या दुकानांच्या मांडणीपाशी संपला.

वाण्याचे दुकान आणि ‘स्टोअर्स’

त्यापूर्वी गावगाड्यात संसाराला लागणाऱ्या वस्तू पुरवणारी माणसे ओळखीची असत. मडके कुंभाराचे, विळा लोहाराचा, पाट सुताराचा, दिव्याचे तेल तेल्याच्या घाण्यावरचे. बलुतेदाराला त्याचा मोबदला बहुधा सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. मीठ-मिरची, गूळ, हळद, सुपारी वाण्याकडून येई. कापड, बांगड्या व भांडी आठवड्याच्या बाजारात किंवा यात्रेत खरेदी केली जात.

‘जनरल स्टोअर्स’ किंवा ‘जनरल मर्चंट’ ही दुकाने या व्यवस्थेबाहेरची होती. धान्य व मसाले हा त्यांचा मुख्य व्यवहार नव्हता. कारखान्यात तयार झालेला, डब्यात, बाटलीत किंवा वेष्टनात बंद असलेला माल हे त्यांचे वैशिष्ट्य होते. अशा मालाचा व्यापार प्रामुख्याने पारशी, बोहरी, खोजा, गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांच्या हाती होता. छावण्यांच्या गावांत पारशी दुकानदार साहेबलोकांना बिस्किटे, डबाबंद पदार्थ व मद्य पुरवीत. लोखंडी सामान, काच, पत्रा व घासलेट यांसाठी अनेक गावांत ‘बोहऱ्याचे दुकान’ हाच पत्ता पुरेसा असे.

निव्वळ युरोपीय गिऱ्हाइकांसाठी असलेली भव्य भांडारे निराळी. लंडनमध्ये १८७१ साली लष्करी अधिकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘आर्मी अँड नेव्ही’ सहकारी संस्थेने १८९१ मध्ये मुंबईत आपली शाखा उघडली. तिच्या जाडजूड सूचिपत्रकावरून दूरच्या ठाण्यांवरील अधिकारी टपालाने माल मागवीत. सामान्य मराठी माणूस अशा भांडारात क्वचितच गेला असेल. त्याच्या घरात परदेशी माल शिरला तो पेठेतील लहान दुकानांतून, पैशा-आण्याच्या खरेदीने.

माल आला कसा?

या दुकानांचा विस्तार तीन गोष्टींमुळे शक्य झाला. १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबई बंदर थेट देशाशी जोडले गेले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपातील माल आफ्रिकेला वळसा न घालता मुंबईस पोहोचू लागला. तिसरी गोष्ट सरकारी धोरणाची. १८८२ मध्ये बहुतेक सर्व आयात जकाती उठवण्यात आल्या. १८९४ मध्ये सर्वसाधारण पाच टक्के जकात पुन्हा बसली, तरी ती महसुलासाठी होती, देशी धंद्यांच्या रक्षणासाठी नव्हे. कापडाच्या बाबतीत तर १८९६ मध्ये आयात मालावर साडेतीन टक्के जकात ठेवताना देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादण्यात आला.

घासलेट, कंदील आणि डबा

जनरल स्टोअर्सने घराला दिलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे स्वस्त उजेड. त्याआधी समई, पणती व दिवटीसाठी करडई, एरंड, तीळ इत्यादींचे तेल जाळले जाई. यांतील करडई व तिळाचे तेल खाण्याच्याही उपयोगाचे असल्याने रात्रीचा उजेड महाग पडे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया प्रांतात १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर खणली गेल्यानंतर काही वर्षांतच शुद्ध केलेले दिव्याचे तेल जगभर जाऊ लागले. पुढे रशियातील बाकू आणि ब्रह्मदेश येथील तेलही या स्पर्धेत उतरले. मराठीत त्याला दोन नावे मिळाली. ‘रॉकेल’ हे ‘रॉक ऑइल’चे मराठी रूप, तर ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश मानला जातो.

या तेलाचा फटका तेल्याच्या घाण्याला बसला, कारण त्याच्या तेलाची दिव्यासाठी असलेली मागणी घटली. दुसरीकडे, दिवेलागणीनंतरही लिहिणे, वाचणे व शिवणे सामान्य घरांच्या आवाक्यात आले. पत्र्याची काचेविना चिमणी गरिबाच्या झोपडीत आली. ती धूर ओके आणि भिंत काळी करी. थोडी ऐपत असलेल्यांच्या घरी वाऱ्याने न विझणारा काचेचा कंदील आला. अमेरिकन ‘डीट्झ’ आणि जर्मन कंदील त्या काळी प्रसिद्ध होते. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने किंवा कागदाने पुसणे, वात कातरणे आणि तेल भरणे हे घरातील एक नवे नित्यकर्म होऊन बसले. काच तडकली की पुन्हा दुकान गाठावे लागे. नवी वस्तू एकदा घेऊन भागत नसे. तिच्यामागे काच, वात व तेल यांची कायमची खरेदी लागून येई.

घासलेट ज्यातून येई तो सुमारे चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबाही तेवढाच महत्त्वाचा ठरला. रिकामा डबा फेकून देण्याची कल्पनाच कोणाला शिवली नाही. त्यात धान्य साठवले जाई, त्याला दांडा ठोकून पाणी भरले जाई, कावडीच्या दोन्ही टोकांना तो लटके, आणि कापून सपाट केल्यावर छपराला, कुडाला किंवा न्हाणीच्या आडोशाला उपयोगी पडे. पत्र्याचे डबे दुरुस्त करणारा, त्यांना डाग देणारा कारागीर याच काळात गल्लोगल्ली दिसू लागला. जुन्या धंद्यांवर घाला घालणाऱ्या मालाने असे काही नवे धंदेही निर्माण केले.

विस्तवाची सोय

काडेपेटी येण्यापूर्वी विस्तव जपून ठेवावा लागे. रात्री चुलीतील निखाऱ्यावर राख ओढून तो सकाळपर्यंत राखायचा, विझलाच तर शेजारून गोवरीवर मागून आणायचा किंवा चकमक झाडायची, ही घरोघरची रीत होती. कागदी वेष्टनाच्या एका पेटीने ही विवंचना संपवली. या पेट्या प्रामुख्याने स्वीडनहून व पुढे जपानहून येत. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारा माल रोडावला, तेव्हा जपानी पेट्यांनी बाजार व्यापला.

१९२२ मध्ये सरकारने परदेशी काडेपेट्यांवरील जकात एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केली. पेटीमागे हा बोजा दोन पै होतो. महसुलासाठी बसवलेल्या या जकातीने देशी धंद्याला संरक्षण मिळाले. त्याचा लाभ मात्र परदेशी भांडवलानेही घेतला. स्वीडिश उद्योगाने १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ म्हणजेच ‘विमको’ स्थापन करून अंबरनाथ येथे कारखाना काढला. त्याच सुमारास तमिळ मुलखातील शिवकाशी येथे लहान प्रमाणावरील, हातकामावर चालणारा काडेपेटीचा धंदा उभा राहिला.

स्वयंपाकघरातील पुढचा बदल पंपाच्या स्टोव्हने घडवला. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास तयार केलेला बिनवातीचा ‘प्रायमस’ स्टोव्ह इतका रुळला, की पुढे त्या धर्तीच्या सगळ्याच स्टोव्हना लोक तेच नाव देऊ लागले. मुंबईच्या चाळींतील एका खोलीच्या बिऱ्हाडांना चुलीचा धूर आणि सरपणाची अडगळ नकोशी होती. त्यांच्यासाठी हा स्टोव्ह वरदान ठरला. त्याची पिन, वायसर, बर्नर हे सुटे सामान दुकानात हमखास मिळे. मात्र स्टोव्ह भडकण्याची भीतीही त्याच्याबरोबर घरात आली.

साबण आणि सोवळे

‘साबण’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज किंवा अरबी वाटेने इंग्रजांच्या आधीच आलेला होता. चावी, बादली, पिंप, घमेले, इस्त्री, फीत हे शब्दही गोवा व वसईकडील पोर्तुगीज सत्तेच्या काळातील संपर्काचे अवशेष होत. परंतु अंगाला व कपड्यांना रोज साबण लावण्याची पद्धत मराठी घरांत नंतरची आहे. अंगासाठी डाळीचे पीठ, केसांसाठी शिकेकाई आणि वस्त्रांसाठी रिठे ही जुनी साधने होती.

१८८८ मध्ये लिव्हर बंधूंचा ‘सनलाइट’ साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला. त्यामागून ‘लाइफबॉय’, ‘पेअर्स’ इत्यादी नावे आली. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा घालवणारी निळीची पुडीही याच फळीवर बसली. साबणाच्या प्रसाराला एक अडथळा होता. परदेशी साबणात जनावरांची चरबी वापरली जात असल्याने सोवळेओवळे पाळणाऱ्या आणि शाकाहारी कुटुंबांना तो निषिद्ध वाटे. ही अडचण ओळखून आर्देशर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पतिजन्य तेलांपासून बनवलेला ‘चावी’ साबण बाजारात आणला. कुलुपांच्या धंद्यात १८९७ पासून असलेल्या या उद्योजकाने ग्राहकाच्या धर्मभावनेचा आणि स्वदेशीचा विचार एकाच वडीत साधला.

पितळ, ‘जर्मल’ आणि इनॅमल

भांड्यांच्या बाबतीत मराठी घर अधिक सावध होते. तांब्या-पितळेची भांडी लग्नात दिली जात, त्यांवर नाव कोरले जाई, आणि अडचणीच्या वेळी ती गहाणही ठेवता येत. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांचा हातोडा चालू होता. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ज्या तांब्या-पितळेच्या पत्र्यावर काम करीत, तो बराचसा विलायतेहून येऊ लागला होता. स्वदेशी आणि परदेशी यांची सीमारेषा कारागिराच्या ऐरणीवरही अशी पुसट झाली होती.

जनरल स्टोअर्सने आणलेली नवी भांडी तीन प्रकारची होती. ऑस्ट्रिया, जर्मनी व पुढे जपानहून येणारी इनॅमलची ताटे व मग, चिनी मातीच्या कपबश्या व बरण्या, आणि ॲल्युमिनियमची भांडी. मद्रास येथे आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू केल्यानंतर हा धातू देशात पसरत गेला. मराठीत त्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असे नाव पडले. या भांड्यांना कल्हई लागत नसे, ती हलकी व स्वस्त असत, म्हणून कष्टकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या घरांत ती प्रथम शिरली. प्रतिष्ठित घरांत कपबशी व इनॅमलला सोवळ्यात स्थान नव्हते. ती स्वयंपाकघराबाहेर, माजघरात किंवा ओसरीवर राहिली.

साखर, चहा आणि कपबशी

पांढऱ्या साखरेची कहाणी तिच्या नावात आहे. मॉरिशस बेटावरून येणारी ती ‘मोरस साखर’. गूळ व देशी खडीसाखरेच्या तुलनेत ती शुभ्र व एकसारखी असे. परंतु ती शुद्ध करताना हाडांचा वापर होतो, या समजुतीने अनेक घरांत ती देवाच्या नैवेद्याला चालत नसे, आणि स्वदेशीच्या प्रचारकांनी या भावनेचा पुरेपूर उपयोग केला. १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर देशी साखर कारखानदारी झपाट्याने वाढली.

चहा हा तर प्रचाराने रुजवलेला पदार्थ. आसामच्या मळ्यांतील चहा आरंभी मुख्यतः निर्यातीसाठी होता. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्यातून जाहिरातीसाठी निधी उभारण्यात आला आणि पुढील काळात फुकट चहा पाजणे, तो करण्याची रीत दाखवणे, एका पैशाच्या पुड्या विकणे असे उपाय देशभर योजले गेले. चहाबरोबर गाळणे, किटली, कपबशी आणि बिस्किटांचा डबा आला. पाहुण्याला गूळपाणी देण्याची रीत मागे पडून ‘चहा घेणार ना?’ हा प्रश्न आतिथ्याचे पहिले वाक्य बनला.

अक्षर न वाचणाऱ्याची ओळख : ‘छाप’

गिऱ्हाइकांपैकी बहुसंख्य निरक्षर होते आणि माल परमुलुखातील होता. अशा वेळी वस्तू ओळखायची कशी? त्याचे उत्तर ‘छाप’ या एका शब्दात होते. घोडा छाप, हत्ती छाप, चावी छाप, अशी चित्रेच नावाचे काम करीत. काडेपेट्यांवर आणि कापडाच्या ताग्यांवर हिंदू देवदेवतांची रंगीत चित्रे परदेशात छापून येत, आणि माल संपल्यावर ती चित्रे भिंतीवर चिकटवली जात. नकली छापांचाही सुळसुळाट होता. त्याला आळा घालण्यासाठी १८८९ मध्ये हिंदुस्थानात व्यापारी मालावरील खुणांचा कायदा करण्यात आला. कुंभारावरचा विश्वास त्याच्या चेहऱ्यावरचा होता, आता तो चित्रावर ठेवावा लागत होता.

स्वदेशीची कसोटी

वस्तू कोणी केली, हा विसरला जाऊ लागलेला प्रश्न स्वदेशी चळवळीने पुन्हा विचारला. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी होती. लोकहितवादींनी आपल्या ‘शतपत्रां’त परदेशी मालावरील अवलंबनाकडे लक्ष वेधले होते. सार्वजनिक काका म्हणजेच गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वतः खादीच्या पोशाखात गेले. वंगभंगानंतर १९०५ मध्ये बहिष्काराची लाट आली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि त्याच सुमारास मुंबईत ‘बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स’ हे देशी मालाचे भांडार निघाले.

कापडाला चरखा व हातमाग हा पर्याय होता. कंदिलाच्या काचेला, काडेपेटीला, साबणाला, शाईला पर्याय कोणता? येथे होळी पुरेशी नव्हती, कारखाना हवा होता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या या ‘पैसा फंडा’तून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. परदेशात काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना हे तंत्र शिकवले. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत काच कारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला आणि ‘डीट्झ’च्या शेजारी फळीवर मानाने बसला. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘घोडा छाप’ शाईची पूड व वड्या बनवण्यास आरंभ केला. तीच पुढे ‘कॅम्लिन’ झाली.

स्वदेशीच्या उद्योजकांनी आपले पहिले लक्ष्य निवडले ते जनरल स्टोअर्सच्या मांडणीकडे पाहूनच, असे या यादीवरून दिसते. ज्या वस्तूंची सवय परदेशी मालाने लावली, त्याच वस्तू देशात बनू लागल्या. जुन्या समईकडे परतण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. कंदील देशी केला.

माप, मोल आणि उधारी

या दुकानांनी हिशेबाची रीतही बदलली. धान्य मापाने विकले जाई. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. गावोगाव ही मापे कमीजास्त असत. बंद वेष्टनातील माल मात्र सर्वत्र सारखा होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै, या हिशेबात सुई, काडेपेटी, निळीची पुडी यांसारख्या वस्तूंच्या किमती बसत. लहान चलन हाती असलेल्या बायका-मुलांनाही त्यामुळे स्वतंत्रपणे खरेदी करता येऊ लागली. नोकरदार घरांसाठी दुकानदाराच्या वहीत महिन्याचे खाते असे, आणि पगाराच्या दिवशी ते चुकते होई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे लागू झाली, आणि आणे-शेरांचा हा हिशेब म्हणींपुरता उरला.

जे उरले ते शब्दांत

जनरल स्टोअर्सपूर्वीच्या संसारातील अनेक वस्तूंना संग्रहालयात आश्रय मिळाला. दिनकर केळकर यांनी पुण्यात उभारलेल्या राजा केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते व भांडी पाहताना त्यांमागील कारागिराचा हात जाणवतो. दुकानातून आलेल्या मालाच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही. काच फुटली, पत्रा गंजला, साबण झिजला, वेष्टन चुलीत गेले. स्वस्त आणि बदलता येण्याजोगी वस्तू जपण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

तरीही तो काळ पुसला गेलेला नाही. मराठी माणूस आजही पाण्याच्या साठ्याला ‘पिंप’ आणि जुन्या हलक्या पातेल्याला ‘जर्मल’ म्हणतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर आजही ‘जनरल स्टोअर्स’ हीच पाटी दिसते. कारखाना कोणत्या देशात, वेष्टन कोणत्या भाषेत, याचा फारसा विचार न करता वस्तू घरात आणण्याची सवय त्या मांडणीने लावली. त्याच मांडणीसमोर उभे राहून ही वस्तू कोणी केली, असे विचारण्याचे धैर्य एका पिढीने दाखवले. तळेगाव आणि ओगलेवाडी ही गावांची नावे त्या प्रश्नाची उत्तरे म्हणून इतिहासात नोंदली गेली आहेत.